आखूडशिंगी, बहुदुधी स्की?

दोस्तांनो, बर्फावर घसरण्याचा खेळ तुम्ही सिनेमात नाहीतर टीव्हीवर पाहिलाच असेल. पायांत दोन लांबच लांब पट्ट्या, हातांत दोन काठ्या, डोळ्यांवर मोठ्ठा चष्मा आणि डोंगरउतारावरून सूं सूं करत खाली येणारी माणसं! त्या पट्ट्या म्हणजे स्की. मोठ्या माणसाची स्की उभी धरली तर त्याच्या हनुवटीपर्यंत किंवा कपाळापर्यंत येते, म्हणजे चांगली दीड-पावणेदोन मीटर. आता अशी कल्पना करा, की कुणीतरी ती जवळजवळ मधोमध कापली, थोडी रुंद केली, दोन्ही टोकं होडीसारखी वर वळवली आणि हातांतल्या काठ्या काढून घेतल्या. जे उरलं, ते स्कीबोर्ड! लांबी साधारण ७५ सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत. काही थोडे लांबही असतात, पण खरी गंमत आखूडपणातच आहे.

हे स्कीबोर्ड लक्षात राहावेत असं एक ठिकाण सांगते. स्वित्झर्लंडमध्ये झरमॅट नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून जवळजवळ १६०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक जिथं संपतं, साधारण तिथंच या गावाची बाजारपेठ सुरू होते! पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना गावात बंदी. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत, पण पुष्कळ मंडळी आपली पायीच निघतात. गावातून दातेरी रुळांवरची एक आगगाडी थेट गोरनरग्राटपर्यंत, ३०८९ मीटरपर्यंत चढते. ही गाडी १८९८ सालापासून धावते आहे! हिवाळ्यात सकाळी या स्टेशनाच्या वाटेवर जी वरात चालते, ती बघण्यासारखी असते. पायांत प्लास्टिकचे दगडासारखे कडक बूट, खांद्यावर लांब स्की, हातांत काठ्या. पुढच्यानं कुणाच्या हाकेला ओ देत मान वळवली, की खांद्यावरची स्की गर्रकन फिरते आणि मागच्याला पटकन खाली वाकावं लागतं!

अशा गर्दीत एखाद्याच्या पाठीवरच्या सॅकमधून नुसती दोन टोकं डोकावत असतील, हात मोकळे असतील आणि तो मजेत बिस्किटं खात चालला असेल, तर तो स्कीबोर्डवाला समजा. त्याला बघून कुणालाही वाटेल, की घ्यायची तर हीच! उचलायला हलकी, वळायला सोपी, शिकायला झटपट.

आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवी, असं आपण म्हणतो ना? शिंगं आखूड हवीत, दूध भरपूर हवं. स्कीबोर्ड ही गाय खरोखरच आखूडशिंगी आहे आणि दूधही देते. ती लाथ मारते का, हे मात्र घेण्याआधी विचारायला हवं. ते बहुतेक जण विचारत नाहीत, म्हणून तर आज हा लेख.

आधी थोडा इतिहास. आखूड स्कीवर शिकवण्याची युक्ती जुनी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर नावाचे शिक्षक नवशिक्यांना आधी अगदी आखूड स्कीवर उभं करत आणि जमेल तसतशी लांबी वाढवत नेत. पाटीवर मोठ्ठा 'ग' गिरवून मग वहीत लहान 'ग' काढायचा, तसंच काहीसं, फक्त उलट्या क्रमानं! पुढे १९९०च्या दशकात आखूड स्की हा शिकण्याचा टप्पा न राहता स्वतंत्र खेळच झाला. ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीनं 'बिग फूट' नावाची स्की काढली. तिच्या पुढच्या टोकाला चक्क पायाच्या बोटांचा आकार होता! अमेरिकेत जेसन लेविन्थल या तरुणानं स्कीबोर्ड बनवायला सुरुवात केली आणि १९९५ साली त्याची 'लाइन' ही कंपनी उभी राहिली. मग फ्रान्सच्या सॅलोमन कंपनीनं 'स्नोब्लेड' आणले. ते इतके खपले, की कुठल्याही कंपनीच्या आखूड स्कीला लोक स्नोब्लेडच म्हणू लागले. आपण नाही का, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो? १९९८ ते २००० या वर्षांत अमेरिकेतल्या 'विंटर एक्स गेम्स' या नावाजलेल्या स्पर्धेत स्कीबोर्डच्या कसरती होत्या. नंतर दोन्ही टोकं वळलेल्या लांब स्की आल्या, कसरती करणारे तिकडे वळले आणि स्कीबोर्ड स्पर्धेतून बाहेर पडले. आता थोड्याच कंपन्या ते बनवतात. मात्र चिमुरड्यांबरोबर हळूहळू खाली येणारे आई-बाबा, सामान कमी ठेवणारे प्रवासी आणि नुसती मजा करणारे लोक ते अजून वापरतात.

एवढे झटकन वळतात कसे?

यासाठी बर्फ नको, घरातली एक लांब काठी पुरे. (आजीची काठी विचारून घ्या हं!) काठी मधोमध मुठीत आडवी धरा आणि मनगटानं पटापटा डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग तेवढ्याच जाडीची, पण निम्म्या लांबीची काठी तशीच फिरवा. हाताला फरक लगेच कळेल. काठी निम्मी झाली की वजन निम्मं होतं, हे झालंच. पण तिची टोकंही मुठीच्या जवळ येतात आणि फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गानं कमी होतो. निम्मं वजन आणि निम्म्याचा वर्ग म्हणजे पाव. अर्धा गुणिले पाव बरोबर एक अष्टमांश! स्कीबोर्ड रुंद असतात, त्यांवर बुटाची पकड असते, त्यामुळे प्रत्यक्षात नेमका आठवा हिस्सा येणार नाही, पण पायाला जाणवतो तो हाच फरक. लांब स्की वळवताना नवशिक्याला आधी मनाची तयारी करावी लागते. स्कीबोर्ड नुसता गुडघा वळवला की वळतो.

दुसरं कारण कडांमध्ये आहे. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात आणि वरून पाहिलं तर ती मध्ये बारीक दिसते. तिलाही कंबर असते म्हणा ना! पाय एका कुशीवर कलता केला, की ही वाकडी कड बर्फात रुतते आणि स्की आपोआप कमानीत वळते. आखूड फळीची ही कमान लहान वर्तुळाची असते, म्हणून ती अरुंद जागेतही वळते.

पण ज्या आखूडपणामुळे वळणं सोपं, त्यामुळेच दुसरं काही अवघड होतं. लांब स्कीची शेपटी टाचेमागे बरीच लांब असते. माणूस घाबरून मागे झुकला तर ती त्याला सावरून धरते. स्कीबोर्डला तेवढी शेपटीच नाही. मागे झुकलात, की बसलातच! वेग वाढला तर आखूड फळी थरथरायला लागते. आणि खोल, भुसभुशीत बर्फात ती रुतते. पाचवी-सहावीच्या मुलांनी हा हिशोब करून पाहावा: ६० किलोचा माणूस ९० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्यांवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३७ ग्रॅम भार येतो. त्याच माणसाच्या स्की १६५ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद असतील, तर सुमारे २३ ग्रॅम. म्हणून स्कीबोर्डची खरी जागा म्हणजे यंत्रानं चोपून सारखा केलेला उतार. त्यावर कॉर्डुरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा उठलेल्या असतात. सकाळी सकाळी तो काचेसारखा टणक असला, तर थोडं ऊन पडून वरचा थर मऊ होईपर्यंत थांबलेलं बरं.

निवडताना आधी पकड बघा

पहिली गोष्ट छोट्या दोस्तांसाठी. तुमची उंची १२० सेंटिमीटर असेल आणि कुणी तुम्हांला ९९ सेंटिमीटरचा स्कीबोर्ड दाखवला, तर तो तुमच्यासाठी आखूड नाहीच! त्या उंचीच्या मुलांची नेहमीची स्की जवळपास तेवढीच असते. फरक एवढाच, की मुलांची स्की मुलांच्या वजनासाठी मऊ बनवलेली असते आणि तिच्यावर मुलांच्या पायाला जपणारी पकड असते. मग मोठ्यांची आखूड, टणक फळी कशाला घ्यायची? प्राथमिक शाळेतल्या मुलांनी सरळ मुलांची स्कीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्कीबोर्डचा विचार उंची वाढलेल्या ताई-दादांनी आणि आई-बाबांनी करावा.

आता लाथेची गोष्ट. बूट आणि फळी यांना जोडणाऱ्या पकडीला बाइंडिंग म्हणतात. नेहमीच्या स्कीची पकड हुशार असते. तुम्ही पडलात आणि पाय जास्त पिळवटू लागला, तर तिच्या आतली स्प्रिंग ओळखते, की आता हाडाला धोका आहे. बोटांकडचा भाग बाजूला उघडतो, टाचेकडचा वर उघडतो आणि बूट फटकन सुटतो. किती जोर आला की सुटायचं, हे एका आकड्यावर ठरवलेलं असतं. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती सराईत आहात हे विचारून, तक्ता पाहून दुकानातला जाणकार कारागीर लावतो. मित्राचा आकडा आपल्याला चालत नाही. चष्म्याच्या नंबरासारखंच आहे हे.

पुष्कळशा स्कीबोर्डांवर, विशेषतः जुन्या आणि स्वस्त फळ्यांवर, अशी पकड नसते. पुढे तारेची एक कडी आणि मागे जुन्या सूटकेससारखा एक खटका. कडीत बुटाचं नाक अडकवायचं, खटका दाबायचा, झालं! हातानं उघडल्याशिवाय ती सुटतच नाही. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की लांब स्की पडताना तरफेसारखी पाय पिळते, आमची फळीच आखूड, मग सुटायची गरज काय? ऐकायला पटतं. पण उतारावर जखमी झालेल्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. न सुटणाऱ्या पकडीच्या स्कीबोर्डवाल्यांचे गुडघे लांब स्कीवाल्यांपेक्षा कमी दुखावत होते, हे खरं. पण नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. बूट कडक असल्यामुळे पिळ घोट्यात जिरत नाही, तो थेट बुटाच्या वर नडगीवर जातो. तरफ आखूड झाली, तरी तरफ ती तरफच!

म्हणून दुकानात गेल्यावर रंग, चित्रं, कंपनीचं नाव हे सगळं नंतर. आधी विचारा, "पडल्यावर बूट आपोआप सुटतो का?" सुटणारी पकड बसवलेले स्कीबोर्ड मिळतात. ते थोडे जड असतात आणि महागही पडतात. पण सॅकमधला थोडा भार आणि प्लास्टरमध्ये गेलेले दोन महिने यांतून निवडायचं असेल, तर आई-बाबांनो, तुम्हांला वेगळं सांगायला नको.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. अंगानं भारदस्त माणसानं लांब आणि रुंद फळी घ्यावी, सडपातळ माणसाला आखूड चालते. बूट मात्र नेहमीचे, स्कीचेच हवेत. ते घट्ट बसायला हवेत, पण बोटं हलली पाहिजेत. आणि विकत घेण्याआधी एक दिवस भाड्यानं घेऊन बघावं.

उतारावर

मी वर्गात हे सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग हे स्केटिंगच की!" बरंचसं बरोबर आहे. सपाट जागी काठ्या नसल्यामुळे स्केटिंगसारखंच एका पायानं ढकलत पुढे जावं लागतं. चाकांचे स्केट्स ज्यांना येतात, त्यांना स्कीबोर्ड लवकर जमतात.

उभं कसं राहायचं? कबड्डीत चढाईला गेलेला गडी आठवा. गुडघे वाकलेले, हात पुढे, नजर समोर, भार पावलाच्या मध्यावर. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला हलकेच टेकलेली हवी. फार पुढे झुकलात, तर फळीचं नाक बर्फात घुसेल. मागे झुकलात, तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

थांबायला शिकल्याशिवाय निघायचं नाही, हा नियम कोणत्याही स्कीला लागू. फळ्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची दूर केली, की नांगराच्या फाळासारखा आकार होतो आणि वेग कमी होतो. पण स्कीबोर्डची कड आखूड, त्यामुळे हा नांगर लांब स्कीइतका खोल लागत नाही. वेग वाढण्याआधीच दोन्ही फळ्या उताराला आडव्या वळवून थांबण्याची सवय लावावी. युरोपात उतारांना रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. स्कीबोर्डवाल्यानं पहिले काही दिवस निळा सोडू नये. आणि पुढे चाललेल्या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी नेहमी मागून येणाऱ्याची असते. पुढच्याला पाठीला डोळे नसतात ना!

हेल्मेट हवंच. चष्माही हवा, कारण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो आणि डोळे भाजल्यासारखे होतात. पालकांनी आणखी एक बघावं. प्रवासाच्या साध्या विम्यात बर्फावरचे खेळ बरेचदा धरलेले नसतात. कागद नीट वाचून घ्या.

आणि पाठीवर

स्कीबोर्ड नेण्याचं काम सोपं वाटतं, पण त्यात बारकावे आहेत. नेहमीच्या स्कीला टाचेपाशी स्प्रिंगच्या दोन दांड्या असतात. बूट सुटला की त्या बर्फात रुततात आणि स्की एकटीच खाली पळत नाही. हाच ब्रेक. दोन स्की तळाला तळ लावून ठेवल्या, की हे ब्रेक एकमेकांत अडकतात आणि जोडी एकत्र राहते. साध्या पकडीच्या स्कीबोर्डला ब्रेकच नसतो. त्यामुळे दोन गोष्टी कराव्या लागतात. वापरताना फळी पायाला पट्ट्यानं बांधायची, कारण सुटून खाली पळालेली पोलादी कडांची फळी एखाद्याला चांगलीच इजा करू शकते. आणि नेताना दोन्ही फळ्या तळाला तळ लावून वर-खाली दोन ठिकाणी आवळायच्या. नाहीतर त्या कात्रीसारख्या एकमेकींवर घासतात आणि तळ खरवडतो. यासाठी वेल्क्रोचे पट्टे मिळतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन रुंद तुकडेही तेच काम करतात!

सॅकला लावताना फळ्या सॅकच्या बाजूच्या पट्ट्यांत उभ्या घालाव्यात आणि टोकं डोक्याच्या वर जाऊ देऊ नयेत. निसरड्या रस्त्यावर कडक बुटांनी माणूस पाठीवर पडतो, तेव्हा ती टोकं मानेत लागू शकतात. गर्दीत सॅक काढून हातात घ्यावी. खुर्चीच्या पाळण्यात बसताना तर सॅक नेहमी मांडीवर हवी. पट्टा खुर्चीत अडकला, तर वर पोचल्यावर उतरता येत नाही. बंद डब्याच्या पाळण्यांना बाहेरून स्की उभ्या करण्याचे खण असतात, पण ते लांब स्कीसाठी. आखूड फळ्या हातात घेऊन आतच जावं आणि कडा शेजाऱ्याच्या विजारीपासून लांब धराव्यात.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर कितीही दमलात तरी फळ्या आधी कोरड्या फडक्यानं पुसा. ओल्या कडा एका रात्रीतही गंजू लागतात. आवळलेली जोडी सोडून भिंतीला टेकवून ठेवा. हीटरला चिकटवून मात्र नको.

आता तुमच्यातले काही जण सुट्टीत गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंगला जातील. गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था स्कीचे वर्गही चालवते. तिकडे भाड्यानं मिळतात त्या बहुधा लांब स्की आणि त्यांची पकड सुटणारी असते, पण अनेक हंगाम वापरून झालेली. तेव्हा दुकानदारानं बूट अडकवून दिले, की लगेच निघू नका. त्यांना म्हणा, "काका, आमचं वजन विचारलं नाहीत. आकडा कशावरून लावलात?" मग दुकानातच, फळी जमिनीवर असताना, त्यांना ती पकड एकदा उघडून दाखवायला सांगा. दाखवली नाही, तर बाबांचा हात धरून शेजारच्या दुकानात चला.